फईंच्या नाकावरून

फईंचा चेहरा आठवायला बसले की माझी पंचाईत होते. एक चेहरा धरून ठेवावा तर लगेच दुसरा पुढे येतो. जाड काळ्या फ्रेमच्या फई, सोनेरी काडीच्या फई, शाळामास्तरांचा असतो तसा गोल चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेल्या फई. एकदा तर कडेला खडे बसवलेला, दोन्ही टोकं वर गेलेला नखरेल चष्मा लावून त्या भाजीवाल्याशी दुधीच्या भावावरून तावातावाने भांडत होत्या. त्यांच्या नाकावर रोज नवा चष्मा असायचा आणि त्यातला एकही त्यांचा नसायचा.

ते सगळे मेलेल्या माणसांचे चष्मे होते. सुरतेत भागळच्या मागे एका अरुंद शेरीत त्यांचा ट्रस्ट होता. घरात कोणी वारलं की बाराव्या-तेराव्यानंतर कपडे वाटले जातात, पांघरुणं दिली जातात, पण चष्म्याचं काय करायचं ते कुणाला सुचत नाही. टाकवत नाही, आणि समोर ठेवला तर बघवत नाही. असे चष्मे गोळा करायचे, धुऊन-पुसून नंबराप्रमाणे लावायचे आणि ज्यांना दिसत नाही त्यांना द्यायचे, एवढंच या ट्रस्टचं काम होतं. ट्रस्ट म्हणजे कागदावर कापडबाजारातले चार-सहा शेठ आणि प्रत्यक्षात एकट्या फई. फई म्हणजे गुजरातीत आत्या. एका भाच्याची फई होता होता त्या सगळ्या शेरीच्या फई झाल्या होत्या. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही, आणि आता ते कळून मला करायचंय तरी काय?

चष्मा धुतला की दुसऱ्याला देण्याआधी फई तो एक अख्खा दिवस स्वतः लावायच्या. सकाळी अंघोळ करून आल्या की चढवायचा, तो दिवेलागणीला उतरवायचा. नंबर मोठा असो, लहान असो, त्यातून दिसो न दिसो. त्या चष्म्यातून त्या डाळ निवडायच्या, जिना चढायच्या-उतरायच्या, गल्लीतल्या गाईला रोटली घालायच्या. एकदा गाय समजून त्यांनी ती एका उभ्या स्कूटरच्या सीटवर ठेवली होती. संध्याकाळपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागायचं, कपाळावर ओलं फडकं बांधून त्या झोपाळ्यावर बसायच्या. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायच्या, “कंई नहीं. नंबर भारे हतो.” म्हणजे नंबर जड होता.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना किती वेळा विचारलं असेन. दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाल्या, “काच रिकामी पडून राहिली की बघायचं विसरते, दीकरी.” दीकरी म्हणजे मुलगी, मला त्या याच नावाने हाक मारत. एकदा म्हणाल्या, “बिचाऱ्याला जाता जाता एक वार सुरत दाखवते.” आणि एकदा तांदूळ पाखडता पाखडता, “माझ्या डोळ्यांना माझ्याच घरचं खाऊन कंटाळा येतो गं. त्यांना पण कुठे पाहुणं जावंसं वाटतं ना?” तिन्ही उत्तरं मला त्या त्या वेळी पूर्ण पटली होती.

मी त्यांच्याकडे पोचले ती कॉलेजमुळे. मी बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि उन्हाळ्यात इंटर्नशिप करायची होती. हा शब्द आमच्या घरात मीच पहिल्यांदा आणला. वडील उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा अर्थ ‘बिनपगारी नोकरी’ असा लावला, तो काही चुकीचा नव्हता. वर्गातल्या मुलामुलींचे मामा-काका मिलवाले, ती सगळी गार हवेच्या ऑफिसांत गेली. आमचं राहणं सुरतेच्या टोकाला डिंडोलीला, मामा धुळ्याजवळच्या खेड्यात, म्हशी राखणारा. शेवटी सरांनीच एक पत्ता हातात ठेवला आणि म्हणाले, “धर्मादाय संस्थेचं मार्केटिंग कोणी करत नाही. तू कर. तुझा रिपोर्ट वेगळा उठून दिसेल.” मला रिपोर्ट उठून दिसायला हवाच होता.

तिथली पहिली दुपार मला अजून स्वप्नात दिसते. जिना चढून मी थेट गच्चीवर निघाले. गच्चीभर दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर एका काडीने अडकवलेले चष्मे, धुऊन वाळत घातलेले. वारा आला की ते सगळे मिळून हलायचे आणि समोरच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, माझ्या ड्रेसवर उजेडाचे ठिपके सरकायचे. आवाज म्हणाल तर अगदी बारीक, काचेला काच लागल्याचा. त्या ठिपक्यांच्या मधोमध एक बुटकी, पांढऱ्या साडीतली बाई उभी होती. चष्म्याच्या जाड भिंगांमागे तिचे डोळे एवढाले मोठे दिसत होते.

“कोण?”

“मी मार्केटिंगसाठी आले. कॉलेजमधून.”

“बजार माटे? बाजारासाठी? ये, ये. पण जपून हं. तुझ्या पायाशी बादली आहे की मांजर आहे, आज मला कळत नाही.”

मांजर होतं. मी बादली समजून बाजूला सारायला गेले आणि त्याने मला बोचकारलं. अशा रीतीने माझी इंटर्नशिप सुरू झाली.

फईंचं मराठी आमच्या बायांकडून आलेलं होतं. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे धुणं-भांड्याला खानदेशच्या बाया, चष्मे मागायला येणाऱ्याही बऱ्याचशा लूमवरच्या घरांतल्या. त्यामुळे त्या मराठी बोलायला सुरुवात करायच्या आणि वाक्य कुठे गुजरातीत जाऊन पडेल याचा नेम नसायचा. ऐकायला गोड वाटायचं. मी कॉलेजात शिकलेलं काही सांगायला लागले की त्या मन लावून ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि शेवटी विचारायच्या, “ते बधुं ठीक, पण तू जेवलीस?”

ट्रस्टच्या खोलीत दान न केलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे फई. बाकड्यावर कुणाच्या आईचं नाव, घड्याळावर कुणाच्या सासऱ्याचं, पाण्याच्या माठावरच्या झाकणावरसुद्धा कुणीतरी स्वर्गवासी. गुजरातेत दान द्यायचं तर गेलेल्या माणसाच्या नावाने आणि नाव लिहायचं तर ठसठशीत, ही रीतच आहे. छताच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एका शेठच्या वडिलांचं नाव लाल रंगात होतं. ते शेठ भर वैशाखात भेटीला आले की फई लगबगीने उठून पंखा बंद करायच्या. आम्ही सगळे घामाने निथळत बसायचो आणि शेठ समाधानाने वर बघत चहा प्यायचे. ते जिना उतरले की फई पंखा लावायच्या आणि म्हणायच्या, “बापा गरगर फिरला तर हवा, थांबला तर नाव. दोन्ही एकदम कसं मिळेल?”

चष्मा लावला की त्या माणसाचं काहीतरी आपल्याला कळतं, असं फईंचं म्हणणं होतं. झोपाळ्यावर बसून त्या रस्त्याकडे बघत राहायच्या आणि आपल्याशीच बोलायच्या. “हा घाईचा माणूस होता. काच बघ, उजवीकडे जास्त घासलेली. सारखा काढायचा, घालायचा.” किंवा “ही बाई रडायची, पण चष्मा न काढता.” मला यातलं काही दिसायचं नाही. मग त्या मला एखादा चष्मा लावायला द्यायच्या आणि आम्ही दोघी उन्हं उतरेपर्यंत दुसऱ्यांच्या डोळ्यांनी ती शेरी बघत बसायचो. तिथली घरं विरघळायची, सायकलवाले रंगाचे डाग होऊन जायचे, खमणवाल्याची हाक मात्र अगदी स्पष्ट यायची. मार्केटिंगचं एक अक्षर मी त्या तासांत केलं नाही, आणि त्या तासांइतकं सुख मला पुढे कुठल्या ऑफिसात मिळालं नाही.

पण मी रोज संध्याकाळी डिंडोलीला परत जायची, आणि तिथे सगळं इतकं धूसर-सुंदर नव्हतं.

माझी आई साड्यांवर टिक्या, म्हणजे चमकत्या टिकल्या, लावायची. बाजारातून ठेकेदार साड्या आणून टाकायचा, लाकडी चौकटीवर साडी ताणून सुईने एकेक टिकी टाकायची आणि काम झालं की तो घेऊन जायचा. आमच्या ओळीतल्या जवळजवळ सगळ्याच बायका ते काम करत, पण आईचा हात मानलेला होता. भारी पदर असला की ठेकेदार तिलाच शोधत यायचा. शेजारच्या मथुराकाकू या गोष्टीवरून तिच्यावर रुसायच्याही. त्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं होतं. भर दुपारी आई बल्ब लावून बसायची. सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची आणि हात कापतो म्हणायची. मग एक दिवस ठेकेदाराने एक पदर परत आणून टाकला. वेलबुट्टीची ओळ मधेच खाली घसरली होती. पुढची भारी साडी त्याने मथुराकाकूंना दिली. आईने तो पदर उसवायला घेतला तेव्हा ती बोटांनी चाचपून टिक्या शोधत होती.

“आई, तुला चष्मा लागलाय. मी आणून देते. रोज तर चष्म्यांतच असते.”

“माले चांगलं दखास,” आई म्हणाली. तिला चांगलं दिसतं, विषय संपला. आई घरात अहिराणीच बोलायची, आणि अहिराणीत ती ‘नाही’ म्हणाली की ते फार पक्कं असायचं.

मी पुन्हा विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. “मरेल मानूसना चष्मा? नको वं माय. त्यानं दखेल मना डोयामा यी.” मेलेल्या माणसाने जे जे पाहिलं ते आपल्या डोळ्यांत येईल, याची तिला भीती वाटत होती. मला हसू यावं की रडू, कळेना. फई ज्या गोष्टीसाठी हौसेने चष्मे लावायच्या, त्याच गोष्टीला माझी आई भीत होती.

मला वाटलं, आई एकटी काय, आख्ख्या डिंडोलीचे डोळे आपण सुधारू. मार्केटिंग शिकतोय कशाला? मी बसून विचार केला आणि मला दोन अडचणी दिसल्या. एक, चष्मे पुरेसे येत नाहीत. दोन, डिंडोलीत ट्रस्ट कुणाला माहीत नाही. पहिलीवर मला जो उपाय सुचला त्यावर शेठ मंडळी बेहद्द खूश झाली. चष्म्याच्या प्रत्येक घरावर, म्हणजे त्या डबीवर, एक छापील पट्टी लावायची: ‘स्व. अमुकभाई यांच्या स्मरणार्थ’. पंख्यावर नाव, बाकावर नाव, मग चष्म्यावर का नको? बातमी कापडबाजारात पसरली आणि चष्म्यांची रीघ लागली. लोक पंधरा-पंधरा वर्षं कपाटात पडलेले आजोबांचे चष्मे घेऊन जिना चढायला लागले. फई पट्ट्या चिकटवत होत्या. एवढंच म्हणाल्या, “तारो बजार तू जाणे, दीकरी.”

दुसऱ्या अडचणीसाठी मी डिंडोलीतच शिबिर ठरवलं, आमच्या घराजवळच्या बालवाडीच्या ओसरीत. आणि आमच्या बायांना गुजराती वाचता येत नाही, हे ध्यानात ठेवून मी त्या सगळ्या पट्ट्या मराठीतही छापून घेतल्या. मोठ्या, ठळक अक्षरांत. ग्राहकाच्या भाषेत बोलावं, असं आमचं पुस्तक सांगायचं.

शिबिराच्या दिवशी बायका खूप आल्या. टेबलावर चष्म्यांची घरं ओळीने मांडलेली, बाजूला सुया आणि दोरा. जो चष्मा लावून सुईत दोरा जाईल तो तुमचा, अशी फईंची साधी पद्धत होती. आईसुद्धा मला बरं वाटावं म्हणून दाराशी येऊन उभी राहिली होती. सगळ्यांत पुढे मथुराकाकू. त्यांनी एक घर उचललं, लांब धरून पट्टी वाचली, दुसरं उचललं, तेही वाचलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “ओ बायासहोन, हाई तं समदा स्वर्गवासी शेतस!”

ओसरी रिकामी व्हायला वेळ लागला नाही. कुणी पोराला बघायला निघाली, कुणाचं दूध उतू जात होतं. एकीने जाता जाता टेबलाला हात लावून नमस्कार केला, समाधीला करतात तसा. आई माझ्याकडे बघून खालच्या मानेने घरी गेली. मी आणि फई उरलो. फईंच्या नाकावर त्या दिवशी तपकिरी फ्रेमचा, जवळच्या नंबराचा एक चष्मा होता आणि त्यातून त्यांना ती रिकामी ओसरी बहुधा भरलेलीच दिसत असावी, कारण त्या बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने बसून होत्या. मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो टेबलाच्या कडेवर पडला.

“तुझ्या घरी पाणी मिळेल?” त्यांनी विचारलं.

आमच्या घरापर्यंत त्या माझा दंड धरून आल्या. गटारावरची फरशी त्यांना दिसली नाही, एक पाय चिखलात गेला. आई चौकटीपाशी बसली होती, साडीवर टिक्या टाकायचं सोंग करत. फईंनी पाणी घेतलं आणि खुर्ची सोडून आईच्या शेजारी जमिनीवरच मांडी घातली. दोघी त्या पदराकडे बघत राहिल्या. मग फई वाकल्या, नाक जवळजवळ कापडाला लावलं आणि एका वेलीवरून बोट फिरवलं. “हे कुणाचं काम? आवुं काम मी बजारमां जोयुं नथी.” असं काम बाजारात बघितलं नाही म्हणाल्या. पुढे त्यांचं बोट ओळ घसरली होती तिथे आलं आणि थांबलं.

आईच्या हातात सुई होती. दोरा ओवायचा राहिला होता. तिने एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, आणि हात मांडीवर ठेवून दिले. फईंनी सावकाश आपला चष्मा काढला. नाकावर दोन्ही बाजूंना लाल खळगे पडले होते आणि डोळे पाण्याने भरलेले होते. तो चष्मा त्यांनी पदराने पुसला आणि आईपुढे धरला.

आईने हात मागे घेतला आणि कोणाचा ते विचारलं. “कोना शे?”

“मारा, माझा,” फई म्हणाल्या. “सकाळपासून माझ्या नाकावर आहे. ही बघ निशाणी. आणि हूं जीवती छुं ने?”

मी जिवंत आहे ना, एवढं गुजराती आईला समजत होतं. ती फईंच्या नाकाकडे बघत राहिली. मग मला वाटलं नव्हतं इतक्या हळू, भांडं उचलावं तसा, तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि डोळ्यांवर चढवला. पहिल्यांदा तिने पदर बघितला नाही. स्वतःचे तळहात बघितले, पालथे केले, पुन्हा बघितले. मग सुई उचलली आणि दोरा एका झटक्यात आत गेला. “अवं माय,” ती म्हणाली. ओळ कुठे घसरली होती तेही तिला त्याच क्षणी दिसलं असणार, कारण तिने लगेच ती उसवायला घेतली. फई तोवर भिंतीला टेकून डोळे पुसत बसल्या होत्या. आईने विचारलं, “बेन, पानी का वं डोयामा?”

“नंबर भारे हतो,” फई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून काढायला घेतल्या. शेठ लोकांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, बहुतेक पंखा बंद करून चहा पाजला असेल. डिंडोलीच्या बाया मात्र एकेक करून यायला लागल्या. टेबलावरचा चष्मा त्या घेत नसत. थेट फईंच्या नाकाकडे बघायच्या आणि विचारायच्या, “हाऊ शे का, बेन?” म्हणजे, हाच का? त्यामुळे दिवसाला एकच चष्मा जायचा आणि बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी यायला लागायचं. सरांना माझ्या रिपोर्टात वाढीचा आलेख हवा होता, माझा आलेख सपाट होता. सरांनी त्याखाली लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं आणि मला पास केलं. आईला त्या दिवाळीत ठेकेदाराने परत भारी पदर दिला, तोही आपणहून, आणि जाताना तिच्या चष्म्याकडे एकदा बघून घेतलं.

एकट्या मथुराकाकू कधी गेल्या नाहीत. एकदा सगळ्यांसमोर बोलून बसलेली बाई, तिला माघार घेणं जड जात होतं. पुढे त्यांचंही काम हलकं झालं. साध्या किनारीच्या साड्या, मग नुसते धागे कापायचं काम. आमच्या गॅलरीतून त्या उन्हाकडे साडी धरून डोळे बारीक करताना दिसायच्या. आई बघायची आणि आत जायची.

फई गेल्याचं मला उशिरा कळलं. तोवर माझं लग्न होऊन मी कामरेजला राहायला गेले होते आणि एका साडीवाल्याकडे कॅटलॉगचं काम बघत होते. फईंच्या भाच्याने ऑफिसात फोन केला. मी गेले तेव्हा गच्चीवरच्या दोऱ्या तशाच होत्या, पण चष्मे नव्हते. भिंत नुसती भिंत होती. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही. भाच्याने एक चष्म्याचं घर माझ्या हातात ठेवलं. त्यावर पट्टी नव्हती. “आ एमनो पोतानो,” तो म्हणाला. त्यांचा स्वतःचा. दिवेलागणीला दुसऱ्याचा चष्मा उतरवला की त्या हा लावायच्या. मी रोज त्याआधी डिंडोलीची रिक्षा पकडायला निघायची, त्यामुळे फईंचा स्वतःचा चष्मा मी कधी पाहिलाच नव्हता. साधी फ्रेम, एका काडीला दोरा गुंडाळलेला. “फई म्हणाल्या होत्या, डिंडोलीला देजो.”

मी तो घेऊन आईकडे गेले. वाटेत मला एकच काळजी होती, आई हात लावेल का. आता तर मधे कुणीच जिवंत नव्हतं. आईने घर उघडलं, दोरा गुंडाळलेल्या काडीवरून बोट फिरवलं. “फईंचा स्वतःचा,” मी म्हटलं. “बेन गयी?” तिने विचारलं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आई फईंचा चष्मा लावून स्टोव्हपाशी बसली होती. तिचा तपकिरी चष्मा फळीवर ठेवलेला. नंबर तिला अजिबात जमत नव्हता. भाकरी एका बाजूने करपली, पाणी भांड्याच्या बाहेर ओतलं गेलं, आणि ती भिंत धरत धरत गॅलरीत जात होती, येत होती. पलीकडून मथुराकाकू हातातलं काम ठेवून हे बघत होत्या.

“आई, डोकं दुखेल. काढ तो,” मी म्हटलं. “आणि तूच म्हणायचीस ना, मेलेल्या माणसाचा चष्मा नको? फईंनी तुला तेव्हा फसवलं. तो चष्मासुद्धा कुण्या स्वर्गवासीचाच होता, त्यांनी नुसता दिवसभर लावला होता.”

आईने माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. भिंगांमागे तिचे डोळे मोठे, पाणावलेले दिसत होते.

“त्या दिनले बी माले ठाऊक व्हतं,” ती म्हणाली. “पन ती बाई मनासाठे दिवसभर आंधयी फिरनी. तिले नही कसं म्हनू?”

माझ्यासाठी ती दिवसभर आंधळी फिरली. फईंनी मला सांगितलेल्या सगळ्या कारणांत हे एक कारण कधीच नव्हतं. मला त्यांची इतकी आठवण आली की मी उठून आईच्या हाताला धरलं आणि तिला स्टोव्हपासून जरा लांब बसवलं.

दिवेलागण झाली. आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि गॅलरीतून हाक मारली, “मथुरा, इकडे ये वं.” मथुराकाकू आल्या, उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. आईने चष्मा पुढे धरला.

“कोना शे?” काकूंनी विचारलं. त्या आईच्या नाकाकडे बघत होत्या. तिथे दोन लाल खळगे पडले होते.

“मना,” आई म्हणाली. “मी जित्ती शे ना?”

मथुराकाकू आत आल्या. चौकटीपाशी बसल्या, चष्मा चढवला आणि आईने दिलेली सुई उजेडाकडे धरली. दोरा आत गेला. त्यांनी तो ओढून पाहिला, मग मान वर करून आईचा चेहरा पाहिला, बहुधा कित्येक वर्षांनी नीट.

“तू का रडी ऱ्हायनी वं?”

“रडत नही,” आई म्हणाली. “नंबर जड व्हता.”